धातू नाही, एवढंच म्हणायचं होतं

सकाळी फोन आला तो फतेगंजच्या भावनाबेनचा. माझी नणंद विजया जिथे एकटी राहायची, तिथे समोरच्याच दारात त्या राहतात. "विजूबेन बारणुं नथी खोलतां, तमे जल्दी आवो," एवढंच म्हणाल्या. आम्ही छाणीहून निघालो. वाटेत सुधीर, माझा नवरा, सारखं म्हणत होता की आंघोळीला गेली असेल, नाहीतर वाचत बसली असेल. दार आतून बंद होतं, सुताराला बोलावून उघडावं लागलं. विजू झोपेतच गेली होती... डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. शांत मरण आलं असं भेटायला येणारे सगळे म्हणतात आणि मी मान डोलावते. पण ती शांत होती असं मला वाटत नाही.

विजू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यांनी भुवया उंचावल्या, मीसुद्धा. विषय काय, तर शेंगांची टरफलं! "वहिनी, ऑक्सिजन फार हट्टी असतो गं," ती मला समजावायची. इंधन घटात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीज होते, उरतं नुसतं पाणी. पण ऑक्सिजन सहजी हलत नाही. त्याला हलवायला प्लॅटिनम लागतं आणि ते कुणाच्या बापाला परवडत नाही. तेच काम विजूला टरफलांकडून करून घ्यायचं होतं. टरफलं युरियात कालवून भट्टीत भाजायची, पण हवा लागू द्यायची नाही. हवा लागली की राख होते. नाही लागली तर भोकाभोकांचा काळा कोळसा उरतो, त्यात युरियातला नायट्रोजन जाऊन बसतो आणि तो कोळसा प्लॅटिनमची जागा घेतो. त्यात धातू कुठलाच नाही, ही तिच्या दृष्टीने खरी गंमत. 'बिनधातू' हा शब्द ती असा उच्चारायची, की दुसऱ्या बायकांनी पैठणीचं नाव घ्यावं. नाक्यावरचा सिंगवाला, म्हणजे भाजक्या शेंगा विकणारा, तिच्यासाठी टरफलांची पिशवी भरून ठेवी. "एवढं शिकून शेवटी कचराच गोळा करायचा होता का?" मी चिडवायची. "तुझ्या भरल्या वांग्यांपेक्षा माझी टरफलं बरी भाजतात," हे तिचं उत्तर.

हे सगळं ती अण्णांना सांभाळून करत होती. अण्णा म्हणजे आमचे सासरे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि विजूशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत. आम्ही छाणीला न्यायला तयार होतो, दोनदा रुग्णवाहिकाही बोलावली, पण त्यांनी पलंगाची कड सोडली नाही. विजू कॉलेजातून घरी आणि घरातून कॉलेजात, यापलीकडे कुठे जातच नसे. विद्यापीठातलं दळणयंत्र मिळायचं तर रांगेत थांबावं लागे, आणि इकडे अण्णांच्या हाका चालू. म्हणून भाजलेला कोळसा ती घरी आणायची आणि आमच्या सासूबाईंच्या खलबत्त्यात कुटायची. लोखंडी खलबत्ता! इतकी हुशार बाई, पण आईच्या खलबत्त्यात लोखंड असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तो तिच्या लेखी धातू नव्हताच, तो घरातला होता.

कोळसा अप्रतिम चालला. तिच्या गाईडसरांनी 'बिनधातू' हा शब्द थेट शीर्षकात घालून लेख पाठवला, तो स्वीकारलाही गेला. आणि मग कशी कोण जाणे, एकदा त्याच खलबत्त्यात चटणी कुटताना तिला शंका आली. नमुना तपासायला पाठवला, त्यात लोखंड निघालं. अगदी किंचित. पण लोखंडाचा असा अंश नायट्रोजनला बिलगला, की सगळं काम तोच करतो आणि शाबासकी मात्र कोळशाला मिळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सर म्हणाले, "विजयाबेन, आटलुं झीणुं कोण जुए छे?" एवढं बारीक कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. तिने जर्नलला पत्र लिहून लेख मागे घेतला. सरांचंही नाव त्यावर होतं. त्यांनी बोलणं टाकलं, आणि पीएचडी तिथेच अडकली.

मी तिला फाडफाड बोलले. "तुला कुणी विचारलं होतं का खलबत्त्याचं?"

"नाही. पण मला माहीत आहे ना, वहिनी."

नंतर कॉलेजातल्या जुन्या भट्टीवर तिने सगळं पहिल्यापासून सुरू केलं. लोखंडाचा चमचासुद्धा जवळ येऊ दिला नाही. कोळसा चालला, पण पूर्वीइतका नाही. तपासलं तर लोखंडाचा अंश होताच, कारण शेंग मातीतली आणि मातीत लोखंड असतंच. मग आम्लाने धुवायचं. धुतलं की काम थोडं मंदावायचं, थांबायचं मात्र नाही. आता काम करतोय तो कोळसा, की अजून उरलेलं लोखंड? पुन्हा धुवायचं. एखादी गोष्ट आहे हे दाखवता येतं, नाहीच हे कसं दाखवणार? अण्णा गेले तेव्हा आम्हाला वाटलं, सुटली. कॉलेजातून निवृत्त झाली तेव्हाही वाटलं. सुधीरने पुण्याला जागा बघितली, मी काशीयात्रेची तिकिटं काढते म्हटलं. "एवढं होऊ दे," ती म्हणायची. मला तिचा राग यायचा... अजूनही येतो.

शेवटची भेटले तेव्हा तिने सेव-उसळ मागवली होती. खाता खाता म्हणाली, "मला होय म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही गं."

"मग सोड."

"सोडून कुठे जाऊ?" ती हसून म्हणाली. मी तिच्या पानात आणखी शेव वाढली.

तिच्या सामानातून मी एकच वस्तू आणली, अकीकाच्या दगडाचा छोटा खल. खंबातच्या कारागिरांकडून तिने तो मुद्दाम घडवून घेतला होता. दगड मधाच्या रंगाचा आहे, आणि बत्ताही त्याच दगडाचा. बरेच दिवस कपाटात पडून होता. परवा सुधीर म्हणाला, "ठेवून काय करणार? चहाची वेलची तरी कुट त्यात." मी खल ओट्यावर घेतला, वेलदोडे टाकले, बत्ता उचलला आणि थांबले. हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि खिडकीत ठेवल्या. सुधीर बघत होता. "अगं, सोन्याच्या आहेत त्या," तो म्हणाला.

"सोनं म्हणजे धातूच," मी म्हटलं, आणि वेलची कुटायला घेतली.