चढावरचा संत

कुंपणापलीकडचे आजोबा आपल्या गावाला जितके चिकटून होते तितका चिकटलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या गावात त्यांनी साठ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. गाव इटलीत, एका डोंगराच्या माथ्यावर. आजोबा मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमध्ये, आमच्या भिंतीला भिंत लागून. तरुणपणी बोटीने आले, आयुष्यभर लोकांच्या घरांचं काँक्रीट ओतलं आणि आयुष्यभर या प्रदेशाला सपाट म्हणून शिव्या दिल्या. सपाट जमिनीवर माणूस आळशी होतो, सपाट जमिनीवरच्या टोमॅटोला चव नसते, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून मागच्या अंगणात त्यांनी मातीचा चक्क डोंगर केला आणि त्याच्या उतारावर टोमॅटो लावले. पाणी वरून घातलं की सगळं आमच्या बाजूला यायचं. आई तक्रार करायला गेली ती टोमॅटोची टोपली घेऊन परतली. "त्यांचं म्हणणं, आपल्याला फुकट पाणी मिळतंय," ती म्हणाली, "आणि मला ते पटलं, काय करू."

मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं हेच माझं शिक्षण आणि हाच माझा स्वभाव: अन्याय कोणाचा, कोणी केला, काय मागायचं, एका पानात. आजोबा मला 'मेयर' म्हणायचे. "या मेयर, आज कोणाचं राज्य उलथवलंत?" असं कुंपणावरून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता गावाची परीक्षा घ्यायला लागायचे. गावात रस्ता एकच, खालच्या वेशीपासून वरच्या देवळापर्यंत. तो त्यांनी मला घर घर करून पाठ करायला लावला होता. वेस, मग लोहार, मग जिच्या दारात अंजीर आहे ती विधवा, मग पाव भाजणारा, मध्यावर कारंजं, तिथून पुढे वरची आळी. एखादं घर चुकलं की परत वेशीपासून. अगदी शेवटी देवळाच्या आधी त्यांचं घर. तिथे पोचलं की ते हात वर करून थांबवायचे. "इथे एक पायरी जास्त आहे. जपून. पाय उचल." मी कुंपणाच्या अलीकडे, सपाट गवतावर, खरोखर पाय उचलल्याशिवाय ते पुढे जाऊ द्यायचे नाहीत.

या गावाचा इतिहास म्हणजे एका आगीचा इतिहास. केव्हातरी देऊळ पेटलं आणि कोणीतरी आत शिरून गावच्या संताची लाकडी मूर्ती बाहेर आणली. वरची आळी म्हणते आम्ही आणली, खालची म्हणते आम्ही. यावरून पिढ्यान् पिढ्या सोयरिकी मोडल्या. शेवटी तोड निघाली ती अशी: दरवर्षी मे महिन्यात, संताच्या दिवशी, खालच्या आळीने मूर्ती वेशीपासून कारंज्यापर्यंत वाहायची आणि तिथे वरच्या आळीच्या हातात द्यायची. देताना म्हणायचं, "घे, अवघड अर्धं आम्ही संपवलं." घेताना म्हणायचं, "अवघड आता सुरू होतंय." आग कोणी विझवली, मूर्ती कोणी काढली, हे कोणीही उच्चारायचं नाही. बास. हे ऐकून आई म्हणाली, "हा मानाचा प्रश्न आहे. आपल्या पालखीतही असंच असतं." मला तेव्हा ते मागासलेलं वाटलं आणि मी तसं म्हणालेही.

मेलबर्नला आलेल्या गावकऱ्यांनी ही प्रथा सोडली नाही. अडचण एकच, चढ. आजोबांनी तोडगा काढला: दोन सबर्ब सोडून एका शॉपिंग सेंटरचं तीनमजली कार पार्किंग. त्याच्या रॅम्पवरून संत वर चढायचा. खालचा मजला म्हणजे वेस, मधल्या वळणावर कारंजं, गच्ची म्हणजे देऊळ. पहिली मूर्ती आजोबांनी रेडगमच्या लाकडाची कोरली, पुरुषभर उंच, उचलायला आठ माणसं. मग माणसं जायला लागली. कोणी म्हातारपणाने, कोणी छातीच्या दुखण्याने, कोणी मुलाकडे क्वीन्सलंडला, तेही एक प्रकारचं जाणंच. खांदे कमी झाले की आजोबा नवा, लहान संत कोरायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये सगळे ओळीने उभे होते: आठ माणसांचा, चार माणसांचा, दोघांचा, आणि शेवटी कडेवर घेता येईल एवढा. पाहुण्यांना वाटायचं लाकडी कुटुंब आहे. प्रत्येक संताची दाढी मात्र आजोबांच्या पहिल्या मुकादमासारखी. "त्याला मी कायम घाबरलो," ते म्हणायचे, "संताला पण थोडं घाबरायला हवं."

मी त्यांना ओळखायला लागले तोवर दोन्ही आळ्यांत एकेकच उरलं होतं. वरच्या आळीचे आजोबा, आणि खालच्या आळीची एक आजी. ती शिवणकामाच्या कारखान्यात जन्म घालवलेली, हल्ली वॉकर घेऊन चालणारी, पलीकडच्या रस्त्यावर राहणारी. मागे चालायला नातवंडं आणि बघे धरून दहा-बारा जण. वर्षभर हे दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. सुपरमार्केटमध्ये समोरासमोर आले तर आजोबा शेल्फवरच्या डाळी वाचत बसायचे. वर्षातून एकदा, पार्किंगच्या वळणावर, ती एक वाक्य बोलायची आणि ते एक. "साठ वर्षांत साठ वाक्यं," मी एकदा म्हणाले. "नवरा-बायकोत एवढीही होत नाहीत," ते म्हणाले.

मग शॉपिंग सेंटरच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. रॅम्प वाहनांसाठी आहे, इन्शुरन्स बसत नाही, परवानगी नाही. मी पेटले. ज्यांच्या हातांनी हा सगळा परिसर ओतला, शिवला, त्यांना वर्षातला एक तास चढ मिळू नये? मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत, एका पानाचं, फोटोसकट. सह्या गोळा केल्या, दर शनिवारी सेंटरच्या दारात उभी राहिले, आणि एप्रिलअखेर व्यवस्थापन नमलं. मी आयुष्यात पुष्कळ मोहिमा हरले आहे. ही जिंकले, आणि याच मोहिमेची मला लाज वाटते.

संताच्या दिवशी सकाळी नऊला आजोबांनी रॅम्पच्या तळाशी टेबलावर मूर्ती ठेवली आणि स्वतः वर वळणावर जाऊन उभे राहिले, कोट घालून. आजीच आली नाही. दहा वाजले. मी फोन केला.

"छापलंय ना तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "मूर्ती वरच्या आळीने वाचवली. मग तुमचाच संत तो. न्या."

मी पत्रक काढून वाचलं. दुसऱ्याच ओळीत होतं. आजोबांनी कुंपणावर जसं सांगितलं तसंच, पत्रकाला लागतो तसा एक नायक, एक आग. पिढ्यान् पिढ्या कोणी न उच्चारलेलं वाक्य मी हजार प्रतींत वाटलं होतं. तिच्या नातीच्या हातातही दिलं होतं, हसून.

मी वळणावर गेले. "मी आणू का मूर्ती वर?"

"तू खालच्या आळीची आहेस?"

"नाही."

"मग कशी आणशील?"

ते बारापर्यंत उभे होते. गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या. एका तरुणाने काच खाली करून विचारलं, "यू ओके, मेट?" आजोबा म्हणाले, "वाट बघतोय." त्या वर्षी संत चढला नाही.

मी माफी मागायला गेले तेव्हा ते टोमॅटोच्या डोंगराशी बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. "मी तुला माझं अर्धं सांगितलं," ते म्हणाले. "दुसरं अर्धं सांगायचं काम तिचं. मेयर, तू तिच्या दारात सही मागायला गेलीस. गोष्ट मागायला नाही गेलीस." मी दुरुस्तीचं पत्रक छापलं, तिच्या पत्रपेटीत टाकलं. उत्तर आलं नाही. इथल्या जून-जुलैच्या थंडीत आजोबांचा खोकला छातीत उतरला आणि ऑगस्टमध्ये ते गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी हॉस्पिटलमध्ये माझी उलट्या क्रमाने परीक्षा घेतली, देवळापासून वेशीपर्यंत. मी लोहाराशी पोचले तेव्हा ते झोपले होते.

घर विकायला काढलं तेव्हा त्यांच्या मुलीने गॅरेज आवरायला मला बोलावलं. संत ओळीने उभे होतेच. कामाच्या टेबलावर मात्र एक नवा होता, माझ्या अंगठ्याएवढा. चेहरा कोरायचा राहिलेला. मला आधी कळेना, इतका लहान कोणासाठी? मग लक्षात आलं. वॉकरच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवूनसुद्धा मुठीत धरता येईल, एवढा होता तो.

मी तो घेऊन आजीच्या दारात गेले. या वेळी कागद नव्हता. तिने तो उलटसुलट पाहिला, दाढीच्या जागेवर बोट फिरवलं.

"हे कधी केलं त्याने?"

"मे नंतर."

ती आत गेली. कार्डिगन घालून आली आणि वॉकर ढकलत ड्राइव्हवेवर निघाली. मी मागे. फाटकाशी, म्हणजे जेमतेम वीस पावलांवर, ती थांबली, वळली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, "घे, अवघड अर्धं आम्ही संपवलं." आणि वाट बघत उभी राहिली.

उत्तर मला पाठ होतं. आजोबांनीच करून घेतलं होतं, उच्चारासकट. मी म्हणाले.

"आवाज लहान आहे," ती म्हणाली. "त्याचा खालपर्यंत ऐकू यायचा." पण तिने मूठ उघडली आणि संत माझ्या हातावर ठेवला.

पुढे फक्त फुटपाथ होता, क्रेगीबर्नचा, सपाट, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं. मी कारंज्यापासून वरची आळी मनात म्हणत चालायला लागले, एकेक घर, न चुकता. आमच्या शेजारच्या घरासमोर विक्रीचा बोर्ड होता. तिथे पोचल्यावर मी थांबले आणि पाय उचलला.