तेल बंद

त्या दुष्काळी वर्षी नळ कोरडे होते, पण माझा चेहरा तेलकट. मुरुमांच्या लाजेनं मी स्कार्फ गुंडाळूनच औरंगपुऱ्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जायची. तिथं एकदा बिडकीनकडचे एक काका भेटले. भुवयांत आणि टोपीच्या कडेला पांढरा कोंडा. डॉक्टरांना भेटून बाहेर आले, तरी घरी न जाता माझ्या शेजारीच टेकले.

"मला वाटलं, डोकं कोरडं पडलंय म्हणून खपल्या निघायल्यात. बायको रोज सांजच्याला तेल चोळायची. डॉक्टर म्हणायलेत, तेल आतूनच जास्त सुटायलंय, वरून घालणं बंद करा, औषधाच्या शाम्पूनं धुवा." टोपी गुडघ्यावर ठेवून ते हसले. "गावाला पाणी टँकरचं, आन् माझ्या डोक्यात तेलाचा झरा!"

मीही हसले. ते मात्र टोपीची घडी घालत आणि मोडत राहिले.

"शेत कारखान्यात गेल्यापासून ती लई गप झाली, पोरी. तेल लावताना तेवढं बोलती."

मग ते उठले, डॉक्टरांचं दार अर्धं उघडून आत डोकावले.

"साहेब, ते शाम्पू दुसऱ्यानं लावून दिलं तर चालतंय का?"

"चालतं की. हलक्या हातानं चोळायचं, पाच मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं."

काका दारातच घुटमळले.

"पाचच मिनिटं व्हय?"