त्या घरचं पाणी

वस्तीत गेल्यावर कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा माझा दंडक. चेन्नईत मेडिकलच्या पोरांना कम्युनिटी मेडिसिन शिकवते मी. मागं एका बॅचची पोरं काविळीनं आडवी झाली, तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. खडूस म्हणतात मला. म्हणू देत.

त्या वेळी एन्नोरला जायचं होतं. वीज केंद्राच्या राखेत बसलेली कोळ्यांची वस्ती. हवा, पाणी, घर, पोटापाण्याचा धंदा माणसाला कसा आजारी पाडतो, ते पोरांना पुस्तकाबाहेर दाखवायचं होतं. आदल्या दिवशी वर्गातली एक मुलगी केबिनमध्ये आली, दार लोटून म्हणाली, "मॅडम, ती गल्ली आमचीच आहे. आई तिथंच राहते. वर्गात सगळ्यांना वाटतं मी नुंगंबाक्कमची, बंगल्यांच्या भागातली." रडलीबिडली नाही. मी म्हटलं, "तुझा गट दुसऱ्या टोकाला टाकते, जा." आणि टाकलाही.

पण आमचा एक हुशार पोरगा आडवा आला. दिल्लीकडचा, तमिळचा गंध नाही. दारात धापा टाकत बसलेली एक बाई त्याला दिसली आणि लॉटरी लागल्यासारखा तो हाका मारत सुटला, "मॅम, सगळं एकाच घरात आहे!" अख्खी बॅच तिथं गोळा झाली. दुभाषी म्हणून त्यानं हाताला लागली तिला पुढं ओढलं. नेमकी तीच. तिचा चेहरा बघितला आणि दारातली बाई कोण ते मला कळलं.

"मुलं किती, विचार," तो इंग्रजीत म्हणाला.

"अम्मा, मुलं किती?" इकडं आईलाही अम्मा आणि कुठल्याही बाईलाही अम्माच म्हणतात, म्हणून निभावलं.

आईनं लेकीचा पांढरा कोट बघितला, मागची गर्दी बघितली. "एकच. मुलगा. बंदरावर कामाला असतो."

"एकच मुलगा," मुलीनं इंग्रजीत सांगितलं.

"म्हणजे बघणारं कुणी नाही. या फुप्फुसांवर ही काही फार दिवस काढत नाही." त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं मला. पण मी बोलले की मुलगी उघडी पडणार होती, म्हणून दात आवळून उभी राहिले.

"काय म्हणतायत डॉक्टर?" आईनं विचारलं.

"औषधानं बरं वाटेल म्हणतायत, अम्मा."

तिला बरं वाटलं. आत जाऊन तिनं पेलाभर पाणी आणलं आणि सगळ्यांना सोडून लेकीपुढं धरलं. "उन्हातून आलात. प्या."

मुलीचा हात पुढं गेलाच होता. "ए, मॅमचा नियम," पोरगा म्हणाला. तिनं माझ्याकडं बघितलं. सगळी बॅच माझ्याकडं बघत होती. जळो तो दंडक, पण 'पी' म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

"नको अम्मा, आमच्याकडं आहे," असं म्हणून तिनं पिशवीतली बाटली काढली आणि आईसमोर उभी राहून प्यायली. आईनं मान हलवली, पेल्यातलं पाणी घागरीत परत ओतलं. तिथं टँकर रोज येत नाही.