मुक्कामाला आलेली लाली

भाचीच्या केळवणात पोरींनी वहिनीच्या मागे लकडा लावला, "मामी, नाव घ्या!" साठी ओलांडलेल्या वहिनीनं दादाचं नाव घेतलं आणि पोरी ओरडल्या, "अय्या, मामी अजून लाजतात!"

"लाजते कसली! सकाळपासून तोंड असंच आहे माझं," वहिनी हसत म्हणाली.

खरंच होतं ते. गोरी कातडी वयानं पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पुन्हा आकसत नाहीत, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय. त्यात जन्मभराचं ऊन, स्वयंपाकाची धग, उकळता चहा. नवी नवरी असताना ही लाली नुसती येऊन जायची. दादा जेवता जेवता मुद्दाम काहीतरी बोलायचा आणि ती उमटायची वाट बघायचा. आता ती गालांवर कायमची मुक्कामाला आलीय; डॉक्टरांनी दिलेलं मलम सकाळी लावलं, तर तेवढी जरा फिकी पडते. वहिनी खरोखरीच लाजली, तर ते कुणाला कळायचं कसं?

मी दादाकडे पाहिलं. त्यानं पानावरून मान वर केली आणि तिचे गाल क्षणभर निरखले.

"मलम लावलं नाहीस का आज?"

"लावलंय की," वहिनी हळूच म्हणाली.