ब्रश उलटे होते

डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला तेव्हा अण्णा म्हणाले, मी सिगारेट ओढत नाही. डॉक्टर म्हणाले, मग हा खोकला कसला? तेव्हा त्यांच्या बायकोने, अक्कांनी, सांगून टाकलं की दर रविवारी सकाळी हे विमानाच्या इंजिनामागे उभे राहतात आणि एरंडेलाचा धूर खातात.

विमान म्हणजे घरी बांधलेलं, रेडिओवर उडवायचं. नव्वदच्या दशकात बंगलोरात असा नाद असलेले थोडेच लोक होते आणि हेब्बाळच्या पलीकडच्या एका माळावर ते जमत. त्यांच्या इंजिनांत मिथेनॉल आणि एरंडेल तेल जळायचं. तो वास कपड्यांना दोन धुण्यांपर्यंत राही. अण्णा साठीच्या पुढचे, नोकरीतून निवृत्त. कसरतीचं विमान त्यांच्यासारखं उडवणारा त्या माळावर दुसरा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं आणि इतरांनाही.

जयनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. पुण्याहून आलेला, एकटा, मिक्सरच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. डॉक्टरांकडून परत आल्याबरोबर अण्णांनी जिन्याखालून हाक मारली, "मोटरवाले, स्वल्प खाली या."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिथलंच. घरात मराठी, बाहेर कन्नड, असं म्हणायचं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वाक्यात यायची.

"विजेवर उडेल का रे?"

"लहान विमानं उडतात, अण्णा."

"लहान नको. मोठं पाहिजे. सरळ वर गेलं पाहिजे, वर जाता जाता गिरक्या घेतल्या पाहिजेत. नुसतं गोल गोल फिरवायचं तर मी पतंग घेतो."

त्यांना दुसरा रस्ता नव्हता. इंजिन बंद झालं होतं. मोटर जमली तर ते उडवणार, नाहीतर उडवणं संपलं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी मात्र जिन्यावर उभ्या उभ्याच हो म्हणून बसलो.

माझ्या उंचीहून लांब पंखांचं विमान त्यांनी मागच्या पडवीत बाल्सा लाकडात बांधलं. मोटर परदेशातून मागवली, मुठीएवढी. ती विमानाला जुळवणं हे माझं काम. मोटर लहान आणि भन्नाट वेगाने फिरणारी, तर मोठ्या विमानाला नाकावर हवा तो मोठा, सावकाश फिरणारा पंखा. मधे वेग कमी करायला काहीतरी घालावं लागतं. पंखा मोठा केला की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. लहान केला की विमान वर चढत नाही. जोर वाढवायला सेल वाढवावेत, तर त्या वेळचे निकेल-कॅडमियमचे सेल असे जड की वाढवलेला जोर ते सेल उचलण्यातच जायचा. अर्धा पावसाळा मी संध्याकाळी खाली बसून हेच करत होतो. अक्का चहा ठेवून जाताना म्हणायच्या, "आमच्या लग्नात पत्रिका बघायला एवढा वेळ लागला नव्हता."

"म्हणून तर असं झालं," अण्णा म्हणायचे.

आधी मी मोटरीवरून पंख्याकडे दातेरी पट्टा घेतला होता. पूर्ण जोर दिला की पट्टा दात सोडायचा. मग कारखान्यातून दोन गिअर करून आणले, लहान तो मोटरीवर, मोठा तो पंख्याच्या दांड्यावर. दोन गिअर एकमेकांत अडकले की उलट दिशांना फिरतात, पट्ट्यात तसं होत नाही. त्यामुळे पंखा उलटा फिरू लागला. मी मोटरीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पंखा सुलटा फिरला. एवढं साधं काम. अण्णांनी टाळी वाजवली.

जमिनीवर चालवून पाहिलं तर करंट मी धरला होता त्याहून बराच जास्त येत होता. मोटर हात लावू देत नव्हती.

"इतकी तापते का रे ही?"

"आतले कार्बनचे ब्रश नवीन आहेत. बसतील हळूहळू."

"सरी, बरं. ते तुझं खातं."

मी पंखा थोडा लहान केला आणि झालं असं ठरवलं.

त्या रविवारी आम्ही व्हॅनमध्ये पंख जुन्या चादरीत गुंडाळून माळावर नेले. सगळे जमलेलेच होते. त्यांच्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असलेले एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांना दुसऱ्याच्या विमानाबद्दल बोलल्याशिवाय स्वतःचं उडवता येत नसे.

"एनु अण्णा, मिक्सी तंदिद्दीरा?" ते लांबूनच ओरडले. मिक्सर आणलात का, म्हणून.

"हो. तुमचं इंजिन द्या, चटणी करतो," अण्णांनी कन्नडातच परतवलं.

विमान उडालं. इंजिनाचा आवाज नाही, फक्त हवा कापल्याचा. बोलणारे माना वर करून बघू लागले. अण्णांनी दोन फेऱ्या मारल्या, एकदा उलटं करून नेलं, सुलटं केलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला होता, त्याचं वर्णन करत नाही. मग त्यांनी नाक वर घेतलं. विमान सरळ उभं चढू लागलं, एक गिरकी झाली, दुसरी अर्धी झाली आणि पंख्याचा आवाज खाली खाली येत थांबला. विमान क्षणभर तसंच टांगल्यासारखं राहिलं, एका पंखावर कलंडलं आणि बाजूच्या नाचणीच्या शेतात गेलं.

नाक चेचलं, एक पंख मोडला. दुरुस्त होण्यासारखं होतं. पण आजूबाजूला जे बोलणं सुरू झालं त्यात मोटरीचा विषयच नव्हता. विमान उभं असताना वेग संपला, नाक वेळेवर खाली घ्यायला पाहिजे होतं, घेतलं नाही. अंगठा उशिरा हलला. वय झालं की होतं असं. ते दुकानवाले गृहस्थसुद्धा थट्टा न करता बोलत होते, हे वाईट होतं.

 परत येताना अण्णा म्हणाले, "मी जास्त ओढलं. सेल संपत आलेत हे कळायला पाहिजे होतं. पूर्वी हाताला आपोआप कळायचं."

मी गाडी चालवत होतो. म्हणालो, "होतं असं, अण्णा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी मोटर उघडली. ब्रश म्हणजे कार्बनचे दोन तुकडे. आत फिरणाऱ्या तांब्याच्या गोलावर ते टेकलेले असतात आणि त्याला वीज पोचवतात. वेगवान मोटरीत ते बरोबर मध्यावर नसतात, जरासे एका बाजूला सरकवलेले असतात. कुठल्या बाजूला, ते मोटरीच्या फिरण्याच्या दिशेवर. दिशा बदलली तर ब्रशही दुसऱ्या बाजूला सरकवावे लागतात. नाही सरकवले तरी मोटर फिरते. फक्त करंट खाते, ठिणग्या पाडते, तापते, आणि जिथे सगळा जोर लागतो तिथे दगा देते. ब्रशांच्या कडा एकाच बाजूने खाल्लेल्या होत्या, तांबं काळं पडलं होतं. बघताक्षणी कळलं. वायरी बदलल्या त्या संध्याकाळी ब्रशही सरकवायचे होते. मी सरकवले नव्हते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात नवीन येणाऱ्यांना मीच शिकवायचो. पण मिक्सरची मोटर एकाच दिशेने फिरते. तिची दिशा बदलायची वेळ कधी येत नाही. दहा-बारा वर्षं मिक्सरमध्ये काढल्यावर मोटरीला दिशा असते ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली होती. कारण हे. सबब म्हणून सांगत नाही.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा अण्णा पडवीत होते. "बघितलीस?"

"जळली आहे."

"जळणारच. मी जाळली."

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. मी जेवायला वर गेलो.

नंतर बोलणं रोज अवघड होत गेलं, आणि रोज ते न बोलण्याची सवयही होत गेली. अण्णांनी विमान उडवायचा रेडिओ कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. मोडलेलं विमान पडवीतल्या खुंटीला टांगलं. रविवारी सकाळी ते घरीच असायचे. मला जिन्यावर पाहिलं की हवेविषयी, पाण्याविषयी बोलायचे. मोटरवाले म्हणून हाक मारणं त्यांनी सोडलं नव्हतं. ते सोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याच्या सुमारास अक्का माझा डबा परत द्यायला वर आल्या. डबा दिला तरी गेल्या नाहीत.

"त्यांना काहीतरी सांग रे बाबा. तुझं ऐकतात."

"काय झालं?"

"सकाळी खिडकीपाशी बसतात. हात असा पुढे धरतात आणि बघत राहतात. कापतो का बघतात. मी म्हटलं, नाही कापत हो. तर म्हणाले, तुला नाही दिसायचं, ते बारीक असतं."

अक्का खाली गेल्यावर थोड्या वेळाने मीही गेलो.

अण्णा पडवीतच होते. मी उभ्यानेच सांगितलं. वायरी, दिशा, ब्रश. चढताना मोटर त्यामुळेच बसली, सेल संपले नव्हते, आणि त्या उंचीवर मोटर बसल्यावर नाक खाली घ्यायला कुणालाच वेळ मिळाला नसता.

ते ऐकत राहिले. पहिला प्रश्न आला तो मोटरीचा नव्हता.

"म्हणजे हात बरोबर होते?"

"हात बरोबर होते."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"त्याच. दुसऱ्या दिवशी."

"अय्यो." ते खुंटीवरच्या विमानाकडे बघत होते. "मध्ये गौरी येऊन गेल्या, गणपती येऊन गेले. मी आरतीचं ताट धरताना घाबरत होतो रे, सांडेल म्हणून."

 ते रागावतील असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं. त्यांनी उठून दिवा लावला आणि म्हणाले, "मोटर आण. माझ्यासमोर फिरव."

मी तांबं लेथवर साफ करून आणलं, नवे ब्रश घातले. ब्रश कुठे सरकवायचे ते काढायची एक रीत आहे. मोटर मोकळी चालवून दोन्ही दिशांना करंट मोजायचा, दोन्हीकडे सारखा आला की ती जागा मध्य, तिथून पाहिजे त्या बाजूला थोडं सरकवायचं. अण्णा मीटरसमोर बसले. प्रत्येक आकडा त्यांनी स्वतः वाचला. मी सांगितलेला एकही धरला नाही. पूर्वी असं नव्हतं.

मोठा पंखा परत बसवला. करंट माझ्या पहिल्या हिशोबाच्या जवळ आला. मोटर नुसती कोमट.

थंडीत आम्ही पुन्हा माळावर गेलो. कुणी मिक्सी म्हटलं नाही. सगळे अदबीने बाजूला उभे राहिले, आजारी माणसाला वाट देतात तसे. अण्णांनी विमान वर नेलं, एकच फेरी मारली आणि नाक उभं केलं. ते चढत गेलं. एक गिरकी, दुसरी, तिसरी. वर ते आपल्या मर्जीने कलंडलं, खाली आलं, आणि अण्णांनी ते पायापासून हातभर अंतरावर उतरवलं. मागे कुणीतरी शिट्टी मारली. दुकानवाले गृहस्थ धावत आले आणि त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

"मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या दिवशी मोटरीचे ब्रश उलटे होते," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हात ठीक आहेत, बरं का."

"उलटे? कुणी बसवले उलटे?"

मी विमानाचं एक टोक धरून उभा होतो, दुसरं टोक अण्णांच्या हातात. अण्णा पंखाचा स्क्रू काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ गेला असं मला वाटतं, नक्की सांगता येत नाही.

"अहो, विमान ह्यांचं, मोटर ह्यांची, मग दुसरं कोण बसवणार!" गृहस्थांनीच उत्तर दिलं. "रिव्हर्स अण्णा!"

हशा झाला. तो प्रेमाचा होता, खरं सांगायचं तर. अण्णाही हसले. स्क्रू डबीत टाकला आणि झाकण लावलं.

ते नाव राहिलं. माळावर नवीन आलेल्या लोकांना त्यांची ओळख त्याच नावाने करून दिली जायची, आणि गोष्टही सांगितली जायची, की इतके पट्टीचे उडवणारे, पण एकदा ब्रश उलटे बसवले आणि शेतात घातलं. मी ती गोष्ट कित्येकदा शेजारी उभा राहून ऐकली.

पुण्याला बदली होऊन निघायच्या आधी एकदा पडवीत मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

ते सोल्डर लावत होते. धूर लागू नये म्हणून अक्कांनी टेबलपंखा लावून दिला होता. वायर थंड होईपर्यंत ते थांबले.

"तू घेशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "मग तो बोलून गेला."

"आता सांगू त्यांना?"

"तुझं तू बघ. मला कशाला विचारतोस?"

पुढच्या रविवारी आम्ही माळावर गेलो. माझा शेवटचा रविवार, म्हणून कुणीतरी इडली-वडे आणले होते. दुकानवाले गृहस्थ लांबून ओरडले, "रिव्हर्स अण्णा, गाडी इकडे लावा!" अण्णांनी गाडी तिकडे लावली. मी मागचं दार उघडून पंख बाहेर काढले, आणि माझ्याही तोंडून तेच नाव आलं, "रिव्हर्स अण्णा, चादर सांभाळा, काटे आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चादर उचलली.