किल्ली देणारी नर्स

ती दिवसभर चष्म्यांच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माणसं मारायची. कागदावर, अर्थात. दोन रहस्यकादंबऱ्या छापून आल्या होत्या. तिसरीत खुन्याला म्हाताऱ्याच्या खोलीची किल्ली देणारी एक नर्स होती. गोडबोली, सगळ्यांची लाडकी, आतून काळीकुट्ट. तिची चाल, मान कलती करून बोलायची लकब, सगळं वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या थोरल्या नणंदेचं होतं.

संपादकांनी हस्तलिखित परत दिलं. “खुनी झकास जमलाय. पण नर्स नुसतीच वाईट. अशा बाईच्या हाती किल्ली देईल कोण? तिला एक तरी खरा चांगुलपणा द्या, नाहीतर छापणं कठीण आहे.”

नणंदेला चांगुलपणा! जिनं नुसतं पाणी तापवलं तरी सासूबाई कौतुक करायच्या, शाळेतून आल्यावर हिची पोटची पोर आधी जिच्याकडे धावायची, तिला आणखी काय द्यायचं?

तिनं नर्सला मांजर दिलं, आजारी भाऊ दिला. सगळं उसनं वाटलं. खरा चांगुलपणा तिनं एकच पाहिला होता, नणंदेचाच, आणि तो काट्यासारखा सलत होता.

सासूबाईंचं कानाचं मशीन गाउनच्या खिशात राहून हिच्या हातून धुतलं गेलं, तेव्हा नणंदच पुढे झाली. “आई, माझंच लक्ष नव्हतं गं.”

“वेंधळी ती वेंधळीच!” सासूबाई हसल्या. विषय संपला. हिला त्यापायी वर्षभर ऐकावं लागलं असतं. आभार मानायचे सोडून ही उभी जळाली. आणि सासूबाईंची पाठ वळताच नणंद स्वतःशीच किंचित हसली होती, ते हिला दिसलं होतं.

तिनं लिहिलं: नर्सनं एका नवख्या नर्सची चूक अंगावर घेतली, आणि हळूच हसली.

“आता बाई जिवंत झाली!” संपादक फोनवर म्हणाले. “वाचक प्रेमात पडणार तिच्या.” पुस्तक नक्की झालं. हिला जेवण गोड लागेना.

नणंदेनं पानं वाचायला नेली, ती परत आणून दिली.

“वहिनी, नर्स मीच ना गं?”

“छे हो ताई, काहीतरीच!”

“असू दे की. पण ते हसणं तुला दिसलं होतं, हे नव्हतं माहीत.” तिनं पानांच्या कडा जुळवल्या. “फार बरं वाटलं होतं तेव्हा. लाडकी मी असले तरी घर तुझं. एकदा तरी तू माझ्या उपकाराखाली आलीस.”

ती जिना चढून गेली. हेसुद्धा किती सहज कबूल केलं बाईनं! हिला जन्मात जमलं नसतं.

शेवटच्या प्रकरणात नर्स खुन्याच्या गोळीनं मरत होती. ते पान तिनं फाडलं. मेली असती, तर झाडून सगळे वाचक तिच्यासाठी रडले असते. तेवढं सुख तिला द्यायला ही काही तयार नव्हती.