चिंधीचा नियम

“पोर द्या बाई, गाडी यायची झाली,” राघो म्हणाला आणि पडवीच्या पायरीवरूनच त्याने चिंधी माझ्यापुढे धरली. जांभळ्या लुगड्याची, बोटभर रुंद. चिंधी बरोबर होती. यशाच्या झोळीला तसलीच बांधलेली होती. माणूसही अनोळखी नव्हता. यशाचा बाप. मुंबईला गिरणीत कामाला, आदल्या दिवशीच गावी आलेला. नियमाप्रमाणे मी पोर उचलून त्याच्या हातात द्यायला हवं होतं.

नियम माझाच होता, म्हणून आधी तो सांगते.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बालसेविकेचं ट्रेनिंग घेऊन मी महाडजवळच्या नाते गावाच्या पुढच्या एका गावात काम करत होते. नवरा तिथेच मास्तर. बालवाडीला स्वतंत्र खोली मंजूर व्हायची होती. मी रिटायर होईपर्यंत ती मंजूरच होत राहिली. तोवर आमच्या घराची पडवी हीच बालवाडी, आणि भातलावणीच्या दिवसांत तेच पाळणाघर. बायका उजाडताच शेतावर जायच्या. जाताना रांगणारी, अंगावर पिणारी, नुकती पाऊल टाकायला लागलेली अशी सगळी पोरं माझ्या पदरात टाकून जायच्या.

लोकांना वाटतं, पोरं सांभाळायची म्हणजे काय, बसायचं आणि बघायचं. बसायला मिळालं तर ना! पोर आलं की आधी त्याचं अंग चाचपायचं. ताप आहे का, खरूज आहे का, पोट फुगलंय का. घरून पोटात काय घालून आणलंय ते आईला खोदून विचारायचं, कारण पोर गप्प झोपावं म्हणून अफूचा कण चाटवणाऱ्या आज्या तेव्हा घरोघरी होत्या. पाणी उकळलेलंच द्यायचं. दुपारी मऊ पेज, ज्याची वाटी त्याला. पण सगळ्यात मोठं काम लंगोट वाळवायचं. आमच्याकडे आषाढात काही म्हणजे काही वाळत नाही. शेगडीवर दुरडी पालथी घालायची, तिच्यावर लंगोट पसरायचे आणि दिवसभर उलटेपालटे करत बसायचं. दमट लंगोट गुंडाळला की पोराच्या मांड्या लाल झाल्याच म्हणून समजा. त्या कामाने माझी बोटं अशी झाली होती की कापड कोरडं की दमट हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

आता चिंधी. पहिल्या वर्षी संध्याकाळी बायका परतायच्या त्या सगळ्या एकसारख्या दिसायच्या. डोक्यावरून इरलं, पोटरीपर्यंत चिखल, वर धुकं. एकदा एका पोराची आत्या आली, पोर उचललं आणि कुणाला न सांगता आपल्या वाडीवर घेऊन गेली. मागून आई आली तर झोळी रिकामी. पोर सापडेपर्यंत त्या बाईने केलेला आक्रोश साऱ्या गावाने ऐकला. मुख्यसेविकाबाईंना, म्हणजे माझ्या वरच्या साहेबांना, मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “रजिस्टर ठेवा, सही घेत जा.” सही येत होती कुणाला? अंगठा घ्यावा तर बोटाला चिखल. मग म्हणाल्या, पितळी बिल्ले पाठवते. ते बिल्ले अजून वाटेतच आहेत.

शेवटी मीच नियम काढला. प्रत्येक आईने आपल्या जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या फाडायच्या. एक पोराच्या झोळीला, दुसरी स्वतःच्या कमरेला. स्वतःला यायला जमणार नसेल तर चिंधी देऊन माणूस पाठवायचा. चिंधी असेल त्याला पोर, मग तो कुणी का असेना. चिंधी नाही तर पोर नाही, मग तो कुणी का असेना. गावाला हे लगेच पटलं. खूण देऊन माणूस पाठवायची पद्धत आपल्याकडे पहिल्यापासून आहेच.

तर त्या दिवशी मी राघोच्या हातून चिंधी घेतली, आणि बोटं थबकली.

चिंधी कोरडी होती. नुसती कोरडी नव्हे, तिच्यावर घडीची मोड उमटलेली होती आणि तिला डांबरगोळीचा वास येत होता. बाहेर सकाळपासून पावसाने धार धरलेली. छत्रीतून आलेला राघोसुद्धा गुडघ्यापर्यंत भिजला होता. आणि ही चिंधी म्हणे सकाळपासून चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या कमरेची!

“द्वारकाने दिली?” मी विचारलं. द्वारका म्हणजे त्याची बायको.

“तर! तिनंच दिली. म्हनाली, जा घेऊन.”

“शेतावर जाऊन आणलीत?”

“हो की.”

“कुणाच्या शेतावर आहे आज ती?”

राघोने छत्री या हातातून त्या हातात घेतली. “बाई, टाइम नाय आता. गाडी चुकंल माझी.”

मला सकाळची द्वारका आठवली. यशाला खाली ठेवून ती कमरेला चिंधी बांधत होती. तिने एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली. मी हसून म्हटलं होतं, “एवढी घट्ट कशाला गो? चोर का येणार आहेत?” ती हसली नाही. गाठ ओढून बघितली आणि निघून गेली.

“यशा पेज खायचाय अजून,” मी राघोला म्हटलं. “उपाशी पोर गाडीत बसवलं तर सगळा रस्ता ओकेल.”

शेजारच्या सोनाआत्या माझ्याकडे पेज ढवळायला यायच्या. मी त्यांना हाक मारली. “आत्या, यशाचा कोरडा लंगोट नाही हो एकही. जरा द्वारकाकडून मागून आणता?”

दुरडीवर लंगोटांचा ढीग होता. आत्यांनी ढिगाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, इरलं उचललं आणि मागच्या दाराने चालू लागल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “आनतो हां बाई, आत्ता आनतो.”

मी यशाला मांडीवर घेऊन पेज भरवायला बसले. एकेक घास इतका फुंकून दिला की पेज निवून घट्ट झाली.

“कुठे नेताय याला?” मी विचारलं.

“मुंबईला. थोरल्या भावाच्या पोटी पोर नाय. मी शब्द दिलाय त्याला, ह्यो तुझा म्हनून. थितं शिकंल, साहेब होईल. हितं काय हाय? चिखल.”

“दत्तक?”

“घरातल्या घरातच की. परक्याला थोडाच देतोय?”

“आणि द्वारका हो म्हणाली?”

“चिंधी दिली ना तिनं!”

तो खलनायक नव्हता. हे त्या वेळीही मला कळत होतं. थोरल्या भावाच्या खोलीत राहून, त्याच्या चुलीवर जेवून दिवस काढलेला माणूस. शब्द देऊन बसला होता आणि आता तो त्याला मोडवत नव्हता. पण म्हणून परस्पर पोर उचलायचं?

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. कागदावर बघाल तर बापाचा हक्क पहिला. मी कोण? समजा, द्वारका राजी झाली असेल. समजा, तिनेच दुसरी चिंधी पेटीतून काढून दिली असेल. मग बापाला पोर न देणारी बाई म्हणून गावभर माझा डंका पिटला असता, दुसऱ्या दिवशी सगळ्या झोळ्या रिकाम्या राहिल्या असत्या आणि नोकरीही गेली असती. आणि समजा, ती राजी नसेल, तर? ती गुडघाभर चिखलात वाकलेली असताना तिचं पोर मी माझ्या हाताने गाडीत चढवलं असतं. तिने कधी महाडसुद्धा एकटीने बघितलं नव्हतं. मुंबईत ती त्याला कुठे शोधणार होती?

“झाली नाय का अजून पेज?” राघो पडवीत चढला. त्याने वाकून यशाला माझ्या मांडीवरून उचललं. मी हात घट्ट केले असते तर पोराचा खांदा निखळला असता, म्हणून सोडलं. यशाने बापाला आदल्या रात्री आणि त्याआधी शिमग्यात पाहिलेलं, तेवढंच. त्याने जी किंकाळी मारली, तिने झोळीतली पोरंही जागी झाली. एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. त्या कल्लोळात पाचाडकडून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न ऐकू आला.

पोरं बाहेर रांगत जाऊ नयेत म्हणून पायऱ्यांच्या तोंडाशी आम्ही एक आडवा बांबू लावत असू. तो मी खटकन अडकवला आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

“बाजूला व्हा, बाई.”

“नाही होणार.”

“तुमचाच नियम हाय. चिंधी दिली, पोर घेतला. आता काय?”

“चिंधीची खात्री झाली की जा.”

“माझा पोर हाय! बाप हाय मी त्याचा!”

गाडी घरासमोर थांबली. तेव्हा हात केला की गाडी थांबायची आणि काही घडत असलं की हात न करताही थांबायची. कंडक्टर दारातून ओरडला, “चला, कोण महाड?” मग पडवीकडे बघून ओरडायचा थांबला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

“बाई बापाला पोर देत नाय!” राघो त्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

“अहो बाई,” खिडकीतला एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, “बापाचा पोर बापाला देवा की! तुमचं काय जातं?”

“गाडी लेट होते, बाई,” कंडक्टर म्हणाला.

“मग न्या ना गाडी! मी कुठे धरून ठेवलीय?” मी खेकसले. मी बांबूला आणखी रेटून उभी राहिले.

गाडी काही हलेना. आणि बांधावरून द्वारका येताना दिसली. डोक्यावर इरलं नाही, लुगडं मांडीपर्यंत चिखलाने काळं. ती पळत नव्हती. बांधावर पळता येत नाही, पाय सरकतो. पण तशी चाल मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. मागे बरंच लांब सोनाआत्या.

पायरीशी येऊन ती थांबली. यशा बापाच्या खांद्यावरून तिच्याकडे दोन्ही हात टाकत होता. तिने त्याला हात लावला नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “ठेव त्याला खाली.”

“भावाला शब्द दिलाय मी.”

“मला इचारलास?”

राघो माझ्याकडे वळला. “बाई नियम सांगत व्हती ना? चिंधी असंल त्याला पोर, मग कोन बी असंना. माझी घेतलीत. आता हिची मागा की! हाय का हिच्याकडं बघा!”

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. आईकडे तिच्याच पोरासाठी खूण मागायची मला लाज वाटली. पण त्या क्षणी तिला नियमाशिवाय दुसरा आधार नव्हता आणि मलाही.

“द्वारका,” मी म्हटलं, “चिंधी दे.”

तिने कमरेला हात घातला. गाठ पाण्याने फुगून दगडासारखी झाली होती. सकाळपासून चिखलात आवण, म्हणजे भाताची रोपं, लावून बोटं पांढरी, सुरकुतलेली, बधिर. ती नखाने गाठ कोरत होती आणि गाठ सुटत नव्हती. पोरं रडत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मलाच वाटायला लागलं, सकाळी चेष्टा कशाला केली, त्याऐवजी ती गाठ सैल तरी करून दिली असती.

शेवटी तिने दात ओठ खाऊन एक हिसका दिला. लुगड्याचा काठ फाटला आणि त्याच्यासकट चिंधी हातात आली. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. गढूळ पाणी माझ्या मनगटावरून सारवलेल्या जमिनीवर गळायला लागलं.

मी कमरेला खोचलेली राघोची चिंधी दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही हात गाडीकडे वर केले. “ही बघा. ही सकाळपासून शेतात आहे. आणि ही यांनी आणलेली, घडीची, डांबरगोळीचा वास असलेली. झोळीला बांधलेली धरून द्वारकाच्या चिंध्या दोनच. मग ही तिसरी कुठून आली?”

पागोटेवाल्या म्हाताऱ्याने मान आत घेतली. आतून त्याचा आवाज आला, “पेटीतल्या लुगड्याची फाडलान वाटतं.”

कुणीतरी हसलं. राघोच्या तोंडावरचा रंग उडाला. मी यशाच्या काखेत हात घातले. या वेळी राघोने ओढलं नाही, हात सैल सोडले. मी पोर बांबूवरून आईकडे दिलं. तिच्या अंगावरचा चिखल त्याच्या अंगाला लागला आणि तो गप्प झाला.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी गेली. राघो चढला नाही. पायरीवर छत्री टाकून बसून राहिला. मग म्हणाला, “भावाला काय सांगू आता मी?”

“सांग,” द्वारका म्हणाली, “पोराची आय जिती हाय.”

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तो एकटा गेला. पुढच्या वर्षी लावणीला आला तेव्हा मात्र रोज पडवीत येऊन बसायचा, यशाला आपली ओळख पटावी म्हणून. मी त्याला लंगोट उलटेपालटे करायला लावायची. करायचा बिचारा.

एस.टी.ने बातमी महाडला नेलीच होती. आठवड्याच्या आत मुख्यसेविकाबाई हजर.

“तुम्ही बापाला अडवलंत?”

“हो.”

“कुठल्या नियमाने?”

“माझ्या.”

“लेखी आहे?”

“नाही.”

त्यांनी मला चांगलं खडसावलं. मग पेज चाखली, झोळ्या बघितल्या, झोळीला बांधलेली एक चिंधी दोन बोटांत धरून ओढून बघितली. जाताना म्हणाल्या, “लिहून काढा. मी सही करते.”

मी लिहायला बसले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओल्या चिंधीची गोष्ट आता साऱ्या गावाला माहीत झाली होती. यापुढे ज्याला फसवायचं असेल तो चिंधी पागोळीखाली धरून आणेल. नियम चारचौघांत सांगितला की त्याची नक्कलही सांगितल्यासारखीच होते. म्हणून मी एकेका आईला मागच्या दारी नेलं आणि प्रत्येकीबरोबर एकेक वेगळी खूण ठरवली.

कागदावर एवढंच लिहिलं: ‘खूण पटल्यावर मूल द्यावे.’ बाईंनी सही करताना विचारलं, “कोणती खूण?”

मी सांगितली नाही. आजही सांगणार नाही.